जुनी पेढी, नवा कारभारी

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळाच्या संबंधांतच वापरतों. त्याचा एक ठराविक विधि आहे. पडक्या भिंतीला पहार लागण्यापूर्वीं मूर्तींतील देवत्वाचें कलशांत आवाहन करितात, तो कलश एखाद्या लहानशा जागीं ठेवितात, आणि काम चालू असेपर्यंत नित्याची पूजा तेथें होत राहते. देऊळ पाडलें तरी पूजेंत खंड पडत नाहीं. हा नियम देवाच्या सोयीसाठीं केला कीं भक्तांच्या, हा वाद शास्त्री-पंडितांवर सोंपवूं. या महिन्यांत ज्या जीर्णोद्धाराची हकीकत सांगावयाची आहे तो देवळाचा नसून दुकानाचा आहे. आणि तें दुकानही इकडचें नव्हे, अमेरिकेंतलें आहे. शंभर वर्षांहून जुनी एक पेढी नवी करण्यास एक नामांकित कारभारी आला आणि सतरा महिन्यांत त्याला परत जावें लागलें. घरांत कोणी व्यापार करीत असो वा नसो, तीन पिढ्यांचा संसार एका छपराखालीं चालविणाऱ्या आमच्या वाचकांना ती हकीकत परकी वाटणार नाहीं.

पेढीचें नांव जे. सी. पेनी. मूळ पुरुष जेम्स कॅश पेनी; कॅश म्हणजे रोकड, आणि हें टोपणनांव नसून पाळण्यांतलें नांव होय. जन्म १८७५ चा, मिसूरी प्रांतांतला. बाप शेतकरी आणि धर्मोपदेशक. ऐन तारुण्यांत त्यानें कोलोरॅडोंतील लाँगमाँट गांवीं मांस व पाव विकण्याचें दुकान घेतलें. धंदा आपल्या वाचकांच्या मनास रुचणारा नव्हे, पण त्यांतली गोष्ट सांगण्यासारखी आहे. गांवांतील मोठें हॉटेल हें त्याचें मुख्य गिऱ्हाईक, आणि तेथील आचाऱ्याला दर आठवड्यास व्हिस्कीची एक बाटली पोंचती करावी असा रिवाज. पेनीनें एकदां बाटली दिली, मग त्याच्या मनानें घेतलें नाहीं, आणि त्यानें ती बंद केली. हॉटेल गेलें, पाठोपाठ दुकानही गेलें.

पुढें १९०२ सालच्या १४ एप्रिल रोजीं वायोमिंगमधील केमरर या खाणीच्या गांवीं त्यानें कापडाचें व जोड्यांचें दुकान उघडलें. दोन हजार डॉलरांना तिसरा हिस्सा घ्यावयाचा होता. पांचशें डॉलर स्वतःच्या शिलकेचे, दीड हजार कर्जाऊ. गांवांत खाणवाल्या कंपनीचें दुकान होतें. तेथें मजुरांना उधारीवर माल मिळे. पेनीच्या दुकानांत उधारी बंद आणि भाव सर्वांना एक. दुकानाचें नांव ‘गोल्डन रूल’. दुसऱ्यानें आपल्याशीं जसें वागावें असें वाटतें तसें आपण त्याच्याशीं वागावें, हा तो नियम; महाभारतांतही याच अर्थाचा धर्म सांगितलेला आहे आणि आपल्याकडे त्याला आत्मौपम्य असें नांव आहे. दुकानाच्या पाटीवर तें नांव घालण्याचें मात्र आपल्यापैकीं कोणाला सुचल्याचें ऐकिवांत नाहीं! पहिल्या दिवसाची विक्री ४६६ डॉलर ५९ सेंट झाली.

पेढी वाढली ती एका साध्या युक्तीनें. दुकानावरील मनुष्य भरंवशाचा ठरला, त्यानें पैसा राखला, कीं नव्या गांवच्या दुकानांत त्याला तिसरा हिस्सा मिळे; त्यानें आपल्या हाताखालीं दुसरा तयार करावा आणि त्यालाही तसाच हिस्सा मिळावा. म्हणजे गल्ल्यावर बसलेला मनुष्य नोकर नसून अंशतः धनीच असे. १९२९ च्या सुमारास अशीं सुमारें चौदाशें दुकानें झालीं होतीं. पुढें वॉलमार्ट काढणारे सॅम वॉल्टन हे १९४० सालीं आयोवांतील डे मॉइन गांवीं याच पेढींत उमेदवारी करीत होते. म्हाताऱ्या पेनींनीं येऊन कमींत कमी दोरा व कागद वापरून पुडकें नीटनेटकें कसें बांधावें हें स्वतःच्या हातांनीं दाखविल्याची आठवण त्यांनीं लिहून ठेविली आहे.

यानंतरचा इतिहास मोठ्या घराण्यांचा असतो तसाच. १९५८ सालीं पेढीनें उधारी सुरू केली. १९६३ सालीं टपालानें माल मागविण्याचें सूचीपत्र निघालें. पुढें दुकानें गांवच्या मुख्य रस्त्यावरून निघून शहराबाहेरच्या अवाढव्य मॉलमध्यें गेलीं. १९७१ सालीं पंचाण्णवाव्या वर्षीं पेनी वारले. शेजारींपाजारीं तसलींच दुकानें, त्यांत तोच माल. तेव्हां गिऱ्हाईक खेंचण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सूट. एकानें दहा टक्के सूट दिली कीं दुसऱ्यानें पंधरा द्यावी. सूट द्यावयाची तर ती निघणार कोठून? म्हणून चिठ्ठीवरचा मूळ भाव आधींच चढवून ठेवावयाचा. ज्या दुकानाचा जन्म एका भावांतून झाला तेथें एकाच सदऱ्याला कालचा, आजचा आणि कूपनवाल्याचा असे तीन भाव झाले.

या स्थितींत कंपनीचे पुष्कळसे भाग घेऊन बसलेले धनिक बिल ॲकमन यांनीं आग्रह धरला आणि २०११ च्या नोव्हेंबरांत रॉन जॉन्सन यांच्या हातीं कारभार आला. जॉन्सनसाहेब साधे गृहस्थ नव्हते. पूर्वीं टार्गेट या दुकानांत असतांना त्यांनीं मायकेल ग्रेव्हज या शिल्पकाराकडून चहाची किटली घडवून घेऊन ती सामान्यांच्या स्वयंपाकघरांत पोंचविली होती. नंतर ॲपल कंपनीचीं दुकानें त्यांनींच उभारलीं. पेनीच्या पेढींत येतांना त्यांनीं पदरचे पांच कोटी डॉलर तिच्या भागांवरील हक्कांत घातले. दुसऱ्याच्या घरांत आग लावून शेकत बसणारांपैकीं ते नव्हते, एवढें कबूल केलेंच पाहिजे.

त्यांनीं जमाखर्च तपासला तेव्हां जें दिसलें तें कोणाही प्रामाणिक मनुष्याला उबग यावा असें होतें. २०११ या एका वर्षांत पेढीनें ५९० निरनिराळ्या सवलतींचे सेल जाहीर केले होते. आणि सामान्य गिऱ्हाईक वर्षांतून येत होतें अवघें चार वेळां. चिठ्ठीवरच्या पूर्ण भावानें विकला जाणारा माल शेंकडा एकाहूनही कमी. जवळजवळ तीन चतुर्थांश माल निम्म्या किंवा त्याहून कमी किंमतीला जात असे. २००२ सालीं सरासरी सूट शेंकडा ३८ होती ती २०११ पर्यंत ६० वर गेली, पण गिऱ्हाइकाच्या हातून सुटणारा पैसा होता तेवढाच राहिला. छापील भाव वर चढला, सूट वर चढली, आणि मधल्यामध्यें चिठ्ठ्या छापणाऱ्याचें काम तेवढें वाढलें.

जॉन्सनसाहेबांनीं ठरविलें कीं हें सोंग बंद करावयाचें. १ फेब्रुवारी २०१२ पासून सर्व दुकानांत नवा शिरस्ता सुरू झाला. भाव सरसकट शेंकडा चाळीसच्या आसपास उतरविले. कूपनें बंद. नव्याण्णव सेंटांची शेंपटी काढून टाकून पूर्णांकांत किंमती. रोजचा एक दर. कांहीं मालाला महिनाभराचा वेगळा दर. आणि पहिल्या व तिसऱ्या शुक्रवारीं शिल्लक माल काढण्याचा तिसरा दर. नांव दिलें सरळ आणि चोख व्यवहाराचें. शिवाय दुकानाच्या पोटांत शंभर छोटीं दुकानें मांडण्याची आंखणी झाली. नांवाचीं तीनच अक्षरें ठेवलीं. सेंट जॉन्स बे वगैरे घरच्या छापाचे, मध्यमवयस्क बायका डोळे मिटून घेत असत ते कपडे, मागें सारले. विक्रेत्यांचें कमिशन बंद केलें.

फळ काय आलें? २०११ सालीं १,७२६ कोटी डॉलरांची विक्री होती ती २०१२ सालीं १,२९८ कोटींवर आली. म्हणजे चौथा हिस्सा एका वर्षांत नाहींसा झाला. तोटा ९८ कोटी ५० लाख डॉलरांचा. नाताळाच्या ऐन हंगामांत जुन्या दुकानांची विक्री आदल्या वर्षीपेक्षां शेंकडा बत्तीसच्या सुमारें घटली. वर्षारंभीं सुमारें १,५९,००० नोकर होते, वर्षाअखेर १,१६,००० राहिले. हा शेवटचा आंकडा आम्हांस सर्वांत बोंचतो. बाकीचा तोटा धनिकांचा. पण त्रेचाळीस हजार माणसांच्या घरीं जें घडलें तें कोणत्याही ताळेबंदांत मांडलेलें नसतें.

आतां कोणी म्हणेल, लोकांना खरें नकोच असतें, त्यांना फसविलेलेंच आवडतें. आमच्या मतें हा निकाल उतावीळपणाचा आहे. ज्या बाईनें वर्षानुवर्षें रविवारच्या वर्तमानपत्रांतून कूपनें कातरून पर्समध्यें जपून ठेविलीं, साठ डॉलरांची चादर पंचवीस डॉलरांना आणली आणि रात्रीं जेवतांना घरच्यांना तें सांगितलें, ती कांहीं खुळी नव्हती. मूळ साठ हा आंकडा फुगविलेला आहे हें तिला पुष्कळदां ठाऊक असे. तिच्या लेखीं तें पंचवीस डॉलरांचें काम तिच्या शहाणपणाचें होतें, तिच्या काटकसरीचा तो दाखला होता. आपल्याकडे जुन्या धोतरा-लुगड्यांवर भांडीं देणारणीशीं घासाघीस करून पातेल्यावर एक झांकणी अधिक मिळविणाऱ्या आजीला कोणी सांगावें कीं, “आजी, आतां घासाघीस नको, झांकणीसुद्धां धरूनच भाव सांगितला आहे,” तर तिला आनंद होईल काय? झांकणी तीच मिळेल. मिळविल्याचा मान जाईल. जॉन्सनसाहेबांनीं चादर पंचवीसलाच ठेविली आणि गृहिणीच्या हातचें काम काढून घेतलें.

दुसरी गोष्ट अशी कीं, भाव रास्त आहे हें गिऱ्हाइकाला कळावें कसें? गव्हाची परीक्षा दाणा चावून होते, सोन्याची कसोटीवर. चादरीची, सदऱ्याची, लहान मुलाच्या विजारीची खरी किंमत सामान्य मनुष्याला ठाऊक नसते; त्याला आधार कशाचा तर शेजारच्या आंकड्याचा. वर साठ खोडून खालीं पंचवीस लिहिलें तर तो आधार खोटा कां होईना, पण आहे. नुसतें पंचवीस लिहिलें तर हा स्वस्त कीं महाग हें ठरविण्यास साधन नाहीं. त्यांत पलीकडच्या दुकानावर ‘आज निम्म्या किंमतींत’ अशी पाटी लटकत असलेली. ॲपलच्या यंत्राची गोष्ट वेगळी. तें दुसरें कोणी करीत नाहीं आणि त्याचा भाव बहुधा सगळीकडे सारखा. तेथें एकच दर मिरविण्यास कष्ट नाहींत. पेनीच्या मांडणीवरील उशीचा अभ्रा चार दुकानांत तसलाच मिळतो.

आणि तिसरी गोष्ट, जिचें आम्हांस अजून नवल वाटतें. हजारावर दुकानें, त्यांपैकीं दहा-वीस दुकानांत सहा महिने हा प्रयोग करून पाहावा असें कोणाच्या मनांत आलें नव्हतें असें नाहीं. पण ॲपलमध्यें आपण अशी चांचणी घेत नव्हतों, असें जॉन्सनसाहेबांचें उत्तर होतें. वास्तविक ॲपलच्या पहिल्या दुकानाची तालीम कूपर्टिनोजवळ एका वखारींत नमुन्याचें दुकान उभारून कित्येक महिने चालली होती! दुकानाची मांडणी यंत्रांच्या जातींप्रमाणें न करतां लोक तीं घेऊन काय करूं इच्छितात त्याप्रमाणें करावी, हें स्वतः जॉन्सनसाहेबांच्याच मनांत ऐनवेळीं आलें. धनी स्टीव्ह जॉब्स आधीं भडकले, मग मान्य झाले, आणि मांडणी पुन्हां केली. २००१ च्या मे महिन्यांत दारें उघडलीं तेव्हां लोकांना दिसलें तें दुसऱ्या वेळचें दुकान होतें. मनुष्याला आपल्या यशाची आठवण राहते ती शेवटच्या दिवसाची. त्यामागच्या खाडाखोडीची राहत नाहीं. नव्या पेढींत त्यांनीं आठवणींतली पद्धत आणली, प्रत्यक्षांतली आणली नाहीं.

ज्या कलशाचा उल्लेख वर केला तो येथें हवा होता. जुन्या छापाचे कपडे, कूपनें, ओळखीचा विक्रेता, यांपैकीं कांहींतरी शेवटपर्यंत जागेवर ठेवून एकेक भिंत पाडली असती तर जुनें गिऱ्हाईक दाराशीं आल्यावर गोंधळलें नसतें. येथें सर्व एकदमच हाललें. नव्या पोटदुकानांसाठीं मधली जागा मोकळी होत होती. आणि तीं दुकानें ज्या तरुण मंडळींसाठीं मांडावयाचीं त्यांना अजून कोणी बोलावणेंही केलें नव्हतें. जुनीं गेलीं, नवीं आलीं नाहींत. साहेबांचें बिऱ्हाड कॅलिफोर्नियांत, कचेरी टेक्ससमधील प्लेनो गांवीं. ज्या गृहिणीचा रुपया-आण्याचा हिशेब समजून घ्यावयाचा तिच्या गांवीं एक वर्ष राहणें हेंही या कामांत मोठें साधन ठरलें असतें.

यावरून जुन्या पेढीनें आहे तसेंच चालूं द्यावें असें आम्ही म्हणत आहों, असा अर्थ कोणी काढूं नये. त्याच देशांत सिअर्स म्हणून याहून जुनी आणि एके काळीं याहून थोर पेढी होती. तिच्या सूचीपत्रावरून लोक सुईपासून घराच्या लांकूडकामापर्यंत सर्व मागवीत. एडी लॅम्पर्ट यांच्या हातांत ती २००५ सालीं आली. तेथें दुकानांच्या दुरुस्तीवर हात आंखडला गेला, आणि पैसा कंपनीचे भाग परत विकत घेण्यांत घातला गेला. दिवे गेले, फरशा उखडल्या, मांडण्या रिकाम्या पडल्या, आणि २०१८ च्या ऑक्टोबरांत दिवाळ्याचा अर्ज झाला. एका घरांत सून आल्या दिवशीं चूल फोडली, दुसऱ्या घरांत कौलें गळत असतां पन्नास वर्षें कोणी शिडी लावली नाहीं. जुन्या पेढीच्या कारभाऱ्यापुढें संकट आहे तें हें कीं, त्याला दोन्ही बाजूंनीं दरीच दिसते. आणि बाहेरून बोलणारे आम्हीं लोक निकाल लागल्यावर शहाणे होतों.

तरी एक कोडें उरतेंच. १९०२ सालीं केमररला जो एक भाव चालला तोच २०१२ सालीं कां चालूं नये? फरक आमच्या मतें असा. केमररच्या मजुराला भाव स्वस्त कां आहे हें दिसत होतें: उधारी नाहीं, बुडीत नाहीं, म्हणून स्वस्त. तेवढें कारण त्याला पुरे होतें. त्यासाठीं जाहिरात नको होती. गल्ल्यावर बसलेला पेनी स्वतः हिश्शाचा धनी, त्याच गांवांत राहणारा. खोटें बोलला तर संध्याकाळीं तोंड लपविण्यास जागा नाहीं. एका भावाला त्या मनुष्याच्या तोंडाचें तारण होतें. शंभर वर्षांनंतर तिसऱ्या हिश्शाचे धनी कधींच गेले होते. पांचशेंनव्वद सेलांनीं चिठ्ठीवरील अक्षराची पत घालविली होती. आणि ज्या चिठ्ठीवर कोणाचा विश्वास उरला नाहीं तिच्यावरच एके दिवशीं सत्य लिहून लावलें. सत्याला पत आधीं मिळवावी लागते. ती दोन-तीन वर्षें तोटा सोसून मिळाली असती कीं नाहीं, हें सांगणें कठीण. कारण तेवढा धीर धनकोंपाशीं नव्हता आणि कारभाऱ्यानें तो मागूनही घेतला नव्हता.

८ एप्रिल २०१३ रोजीं जॉन्सनसाहेबांना निरोप मिळाला आणि त्यांच्या आधींचे कारभारी मायरन उलमन यांना परत बोलाविलें. मे महिन्यांत पेढीनें जाहिरात करून, आमचें चुकलें, आम्हीं तुमचें ऐकलें, आतां परत या, अशा आशयाची विनवणी केली. कूपनें परत आलीं, चढविलेले भाव परत आले, त्यांवरची सूटही परत आली. गिऱ्हाईक कांहीं आलें, पुष्कळसें आलें नाहीं. मधल्या काळांत त्याला दुसऱ्या दुकानांची वाट सांपडली होती. २०२० सालीं करोनाच्या साथींत दुकानें बंद पडलीं, आणि त्या वर्षीं १५ मे रोजीं कर्जाखालीं दबलेल्या पेढीनें दिवाळ्याचा अर्ज केला. वर्षाअखेरीस मॉलांच्या मालकांनींच, सायमन आणि ब्रुकफील्ड या कंपन्यांनीं, ती विकत घेतली. आणि २०२५ च्या जानेवारींत ती इतर कपडेवाल्या पेढ्यांबरोबर कॅटलिस्ट ब्रँड्स या एका मोठ्या घरांत सामील झाली.

या प्रकरणाचें एक शेपूट न्यायालयांत राहिलें होतें. कॅलिफोर्नियांतील एका बाईनें पेढीवर दावा लावला होता कीं, चिठ्ठीवरचे मूळ भाव खोटे होते, त्या भावानें तो माल कधीं विकलाच जात नव्हता, म्हणून सूटही खोटी. २०१५ सालीं पेढीनें पांच कोटी डॉलरांपर्यंत देण्याचें कबूल करून तो मिटविला. जॉन्सनसाहेबांनीं येतांना पदरचे घातले होते, बरोबर तेवढेच. गिऱ्हाइकांनीं तें रोख घ्यावें किंवा दुकानांतून तितक्या किंमतीचा माल घ्यावा, अशी मुभा होती. ज्या खरेदीबद्दल ही भरपाई होती तिची मुदत संपते ३१ जानेवारी २०१२ रोजीं, म्हणजे नवा शिरस्ता सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं. पुढें २०१६ च्या डिसेंबरांत लॉस एंजलिस शहराच्या वकिलांनीं याच कारणासाठीं पेनी, सिअर्स, मेसीज आणि कोल्स या चारही पेढ्यांवर एकदमच फिर्यादी केल्या.